क्लिप डॅशवर थांबवू नका

त्या व्हिडिओत माझा दादा मरतो. प्लीज, तो मला फॉरवर्ड करू नका.

आज दादाला जाऊन सहा वर्षं झाली. दरवर्षी या दिवशी गावाच्या ग्रुपवर तीच क्लिप फिरते आणि खाली तोच वाद.
प्रवीणला तो डॅश टाळता आला असता का?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दादा ओझरला फिटर होता आणि गावच्या कबड्डी टीमचा रेडर. रेड मारून परत येताना समोरच्या टीमच्या प्रवीणने बाजूने खांदा घातला, तोच डॅश. दादा रेषेबाहेर डोक्यावर पडला.

वाद एवढाच, की तेव्हा दादाचा दम तुटला होता का. तोंडातलं "कबड्डी कबड्डी" थांबलं असेल तर रेड तिथेच संपली. मग धडक कशाला?
क्लिपमध्ये फक्त डीजे ऐकू येतो.

मी रेषेला लागूनच बसले होते. दम चालू होता. तेव्हापासून सगळ्यांना हेच सांगतेय. पण स्लो मोशनमध्ये ओठ वाचणाऱ्या तज्ज्ञांपुढे सख्ख्या बहिणीचं कोण ऐकतंय!

प्रवीणही ऐकत नाही.
"ताई, दम चालू व्हता, मान्य. पण मी मांडी धरली असती तर?"
"तर तो निसटला असता."
"निसटला असता तर जिवंत राह्यला असता ना."


मागच्या आठवड्यात ऋतुजा आली. दादाची मुलगी. नाशिकला खेळते, कव्हरला, म्हणजे प्रवीणच्याच जागेवर. हल्ली रेडर जवळ आली की ही जागच्या जागी थिजते. सर म्हणाले, शनिवारच्या मॅचला असंच केलंस तर टीमबाहेर.

"आत्या, माझ्या डॅशने कुणी मेलं तर?"

ओठांवर आलं होतं, सोड गं ते खेळणं.

त्याऐवजी मी ती क्लिप उघडली. पहिल्यांदाच शेवटपर्यंत पाहिली.
सगळे धडकेवरच थांबवतात. पुढे अजून थोडं आहे.
प्रवीण लगेच वाकतो आणि दादाला उठवायला हात पुढे करतो.
त्याला अजून काही कळलेलं नाही.

प्रवीण आधी आमच्याच टीममध्ये होता, तेव्हा त्याला डॅश दादानेच शिकवला होता. ऋतुजालाही, अंगणात गादी टाकून.
"रेडर रेषेपाशी आला का विचार नाय करायचा, खांदा घालायचा. अन् पडला का आधी हात द्यायचा. पॉइंट मागून."

ऋतुजाने क्लिप पाहिली. प्रवीणच्या पुढे केलेल्या हातावर तिने ती थांबवली.

आज शनिवार. मॅच झाली.
रेडर परत फिरली आणि ऋतुजाने खांदा घातला. ती पोरगी धाडकन पडली.
मी डोळे गच्च मिटले. शिट्टी वाजली, लोक ओरडले, मला बघवेना. मनात एकच, ऊठ गं बाई, ऊठ.

डोळे उघडले तेव्हा ऋतुजा वाकून हात पुढे करून उभी होती.
हात तसाच राहिला. मला वाटलं, संपलं सगळं.
मग त्या पोरीने तो धरला.

दादा, टाळता आलं असतं का, मला खरंच माहीत नाही.
उद्या तिची सेमीफायनल आहे. मी परत रेषेला लागून बसणार, परत घाबरणार.

तुला नमस्कार, दादा. तुझा हात तिच्याकडे आहे.