मालकांचं बिऱ्हाड

पडदा वर जातो तेव्हा रंगमंच जवळजवळ रिकामा आहे. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली. खिडकीला पडदे नाहीत, नुसती दांडी. जिथं कपाट होतं तिथं भिंतीचा जुना रंग चौकोनी उजळ दिसतोय. मधोमध एक टेबल, त्यावर काचेची लांब पेटी, पेटीत निम्म्यापर्यंत ओलसर वाळू. पेटीवर वाकलेला एक बारीक म्हातारा, हातात फवाऱ्याची बाटली. खाली रस्त्यावर ट्रकचं फळकूट आपटल्याचा आवाज. आणि डावीकडून प्रवेश करतो तो मी. नऊला बोलावलं होतं, साडेदहा वाजले होते. दारात आल्यावर मी जरा थांबलो. जुनी खोड आहे. प्रवेशाला टाळ्या पडणार असतील तर त्यांना जागा द्यावी लागते.

म्हातारा न वळता म्हणाला, "महाराज, दार लावा. वारा लागतोय."

आमच्या नाटक कंपनीत मी राजे करायचो, म्हणून मी महाराज. तो आमचा प्रॉम्प्टर, म्हणून कुजबुज. एकतीस वर्षं तो डाव्या विंगेत एका बुटक्या स्टुलावर बसला, मांडीवर वही आणि हातात टॉर्च घेऊन. सगळ्या नाटकांतली सगळी भाषणं त्याला पाठ होती. मला माझीसुद्धा नव्हती. आमचा रिवाज असा, की नट अडला की त्यानं कानाला हात लावायचा, मगच कुजबुज ओळ देणार. न मागता त्यानं कधी कुणाला शब्द दिला नाही. म्हणायचा, विसरलाय की थांबलाय हे ज्याचं त्यानं सांगावं. माझा हात कानाला इतक्यांदा जायचा, की एका समीक्षकानं लिहिलं, 'राजाची अस्वस्थता कानाच्या पाळीतून दाखवणारा हा एकमेव नट.' ते कात्रण मी जपून ठेवलंय. कुजबुजनंही ठेवलंय. उदास वाटलं की काढून वाचतो म्हणे.

आता त्या पेटीबद्दल. एका नाटकात समुद्राच्या तळाचा महाल होता. नेपथ्यवाल्यानं किनाऱ्यावरून टोपलीभर शंख आणून पायऱ्यांवर मांडले. दुसऱ्या अंकात मी गेलेल्या मुलासाठी विलाप करत होतो, पहिल्या रांगेत रुमाल निघाले होते, आणि पायरीवरचा एक शंख उठून चालू लागला. सावकाश, एकेक पायरी उतरत, माझ्या पुढून उजवीकडं गेला. लोक आधी कुजबुजले, मग हसले, मग त्यांनी त्याला टाळ्या दिल्या. माझ्या विलापाला तशा टाळ्या आधीही पडल्या नव्हत्या आणि नंतरही नाहीत. आमचे कंपनीमालक संतापले. म्हणाले, तो खेकडा आत्ताच्या आत्ता बाहेर फेका. कुजबुजनं तो उचलला आणि खिशात ठेवला. घरी नेऊन त्याचं नाव ठेवलं मालक.

रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारे हे खेकडे. त्यांना कंपनी लागते म्हणून पुढं दोन छोटे आले, त्यांना तो जोडगोळी म्हणे. नाटक कंपनी बंद पडली, आम्ही सगळे पांगलो, चार वर्षांपूर्वी त्याची बायको गेली. अठरा वर्षांत त्याच्याजवळून हलले नाहीत ते एकटे मालक. मी महिन्यातून एकदा जायचो. पेटीकडं पाठ करून बसायचो. त्या खेकड्याला मी माफ केलेलं नव्हतं.

त्याची लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. तिनं बापासाठी खोली तयार ठेवली होती आणि जुनं घर विकलं गेलं होतं. पण मालक वाळूत गेलेले. अंग वाढलं की हे खेकडे खोल वाळूत शिरतात, तिथं आठवडेच्या आठवडे काढतात, आणि तेव्हा त्यांचं अंग लोण्यासारखं मऊ असतं. अशा वेळी त्यांना उकरायचं नाही, हलवायचं नाही. कुजबुजनं दोनदा तारीख पुढं ढकलली. मालक वर आले नाहीत. आज संध्याकाळी किल्ली द्यायची होती.

"हे दगावले तर?" मी विचारलं. विचारायचं म्हणून.

"तर मी तिथं पाहुणा म्हणूनच राहीन," तो म्हणाला. "त्या घरातलं मला दुसरं कोण ओळखीचं आहे? लेक दिवसभर कामावर."

मग त्यानं जे केलं ते मी टॉर्च धरून पाहिलं. दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा रुंद डबा त्यानं मालकांच्या कोपऱ्यावर ठेवला आणि गोल फिरवत, तसूतसूनं, पेटीच्या तळापर्यंत उतरवला. भोवतालची वाळू पेल्यानं काढली. डब्याखालून पातळ पत्रा सरकवला. आणि तो वाळूचा ठोकळा, डब्यासकट, आत मालक जसेच्या तसे, उचलून एका मोठ्या पातेल्यात ठेवला. वर ओलं फडकं. पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात मला टॉर्च धरलेला हात तीनदा बदलावा लागला आणि मी तिन्ही वेळा ते बोलून दाखवलं.

बेत असा होता. जोडगोळी भोकं पाडलेल्या डब्यात, ओल्या शेवाळावर. ती आणि रिकामी पेटी घेऊन कुजबुज ट्रकच्या पुढच्या सीटवर बसून आधी जाणार, तिथं वाळू ओली करून पेटीत ऊब धरून ठेवणार. मालकांना ट्रकचे धक्के सोसणार नाहीत, म्हणून त्यांनी टॅक्सीनं मागून यायचं, माझ्या मांडीवर. त्यानं मला एक कागद दिला. मोठ्या, टपोऱ्या अक्षरात पाच सूचना.

"वाचून घ्या, महाराज."

"अरे, पाठ आहे म्हण."

"तुम्हाला?"

त्या एका शब्दाचा मला राग आला, आणि मी कागद घडी करून खिशात घातला. खरं कारण वेगळं होतं. चष्मा घरी होता. चष्म्यात मी राजासारखा दिसत नाही.

टॅक्सीवाला मध्यमवयाचा, बोलका. मी पातेलं मांडीवर घेऊन बसल्यावर त्यानं आरशातून पाहिलं.

"काका, आत काय?"

"मालक आहेत."

पुढचे दोन सिग्नल त्यानं गाडी अगदी हळू नेली. मग म्हणाला, "अस्थी का?"

मला खुलासा करावा लागला, आणि खुलाशात नाटक कंपनी आली, आणि कंपनी आली की मी आलोच. मी कोण होतो हे त्याला माहीत नव्हतं. ही परिस्थिती मी फार वेळ सहन करू शकत नाही. समुद्रमहालाच्या नाटकातला विलाप मी त्याला म्हणून दाखवायला घेतला. चांगला रंगला होता. 'हे लाटांनो' या शब्दाला दोन्ही हात वर जातात. ते गेले. त्याच क्षणी पुढं एक सायकलवाली आडवी आली आणि गाडीनं ब्रेक मारला.

पातेलं मांडीवरून घसरलं, पुढच्या सीटवर आपटलं आणि माझ्या पायांशी बसलं. फडकं काढून पाहिलं तर वाळूला मधोमध भेग, आणि भेगेतून एक नांगी वर आलेली. मी दोन बोटांनी धरली. अख्खा खेकडा हातात आला. पाय, नांग्या, डोळ्यांचे दांडे, सगळं जागच्या जागी. हालचाल नाही. वजन तर नाहीच. प्राण गेला की देह हलका होतो हे वाक्य मी तीन नाटकांत म्हटलं होतं. पुरावा आज मिळाला.

माझा हात आपोआप कानाला गेला.

"कान दुखतोय का?" टॅक्सीवाल्यानं विचारलं.

विंगेत कुणी नव्हतं. तो कागद ड्रायव्हरला वाचायला द्यावा, एवढं साधं मला सुचलं नाही. नटाचं डोकं संकटात एकाच रस्त्यानं चालतं. आमच्याकडं कुणी आजारी पडलं की बदली नट उभा करायचा, तेच कपडे, तीच ओळ, आणि प्रेक्षकांना सांगायचं नाही. मी मृतदेह रुमालात गुंडाळून छातीच्या खिशात ठेवला आणि म्हणालो, "मासे आणि पक्षी विकणारं दुकान कुठं दिसलं तर थांबवा."

दुकानातली बाई चांगली होती. तिनं साधारण मालकांच्या मापाचा खेकडा काढून दिला आणि म्हणाली, "घरात आधी असतील ना? एखादा वाळूत गेला असेल तर याला त्याच्यापासून..."

"बाई," मी म्हणालो, "या प्राण्याबरोबर मी रंगमंचावर काम केलंय."

तिनं वाक्य तिथंच सोडलं आणि पैसे मोजून घेतले. माझा आवाज खालच्या पट्टीत फार परिणामकारक आहे.

टॅक्सीत मी बदली नट वाळूवर ठेवला, भेग बोटानं सारखी केली, फडकं घातलं आणि उरलेला अर्धा तास माझ्या भाषणाची तालीम केली.

लेकीचं घर पाचव्या मजल्यावर. लिफ्टमधून बाहेर आलो तर कुजबुज दारातच उभा. मागं खोलीत पेटी मांडलेली, काचेला आतून दहिवर धरलेलं. त्याची ट्रंक दोरी न सोडता भिंतीशी. लेकीनं माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी बसलो नाही. पातेलं टेबलावर ठेवून मी फडकं झटक्यात काढलं, चादर काढून पुतळ्याचं अनावरण करतात तसं. बदली नट वाळूवर फिरत होता.

"बघ," मी म्हणालो, "प्रवासातच वर आले. हवापालट मानवला त्यांना."

कुजबुजनं एकदा पातेल्यात पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"मालकांच्या शंखाला टवका आहे, महाराज."

"वाटेत शंख बदलला असेल. बदलतात ना ते."

"टॅक्सीत?"

लेकीनं तोंड फिरवलं. हसायला की काय, कळलं नाही. कुजबुजनं पाहुण्याला अलगद उचलून जोडगोळीच्या डब्यात सोडलं आणि झाकण लावलं. खिशातून टॉर्च काढून तो पातेल्यातली वाळू तसूतसूनं न्याहाळू लागला. एकतीस वर्षं त्यानं टॉर्चच्या उजेडात माझ्या ओळी शोधल्या होत्या. मग माझ्या अंगातला सगळा अभिनय संपला. मी रुमाल काढून टेबलावर उलगडला आणि घडलेलं सगळं सांगितलं. सायकलवाली मात्र जरा मोठी करून सांगितली.

"कागद वाचला होता?" त्यानं विचारलं.

मी कागद खिशातून काढला. घडी मोडलेली नव्हती. त्यानं तो लेकीकडं दिला आणि तिनं शेवटच्या दोन सूचना मोठ्यानं वाचल्या.

"चार. वर पोकळ खेकडा दिसला तर घाबरू नये. ती मालकांची कात आहे. तिथंच राहू द्यावी, त्यांना ती खायची असते. पाच. दुसरा खेकडा जवळ येऊ देऊ नये. तो मालकांना खाईल."

मी खुर्चीत बसलो. 

"काका, पाणी देऊ?" लेक म्हणाली.

"त्याला विचार," मी म्हणालो. "मला काही देऊ नकोस."

कुजबुज पातेल्यावर वाकला होता. "खेकडा मेला म्हणता," तो हळूच म्हणाला, "मग शंख कुठं गेला, हा प्रश्न नाही पडला तुम्हाला?"

नव्हता पडला. मी कपड्यांचा विचार करणारा नट कधीच नव्हतो, ते खातं दुसऱ्याचं होतं. हे मी बोललो नाही. बोलण्यासारखं बरंच काही त्या दिवशी मी पहिल्यांदाच बोललो नाही.

त्यानं कात भेगेजवळ ठेवली, वाळू न दाबता. सगळा ठोकळा पेटीच्या कोपऱ्यात उतरवला. पेटीवर काळं कापड टाकलं. मला म्हणाला, "आता वाट बघायची." दारापर्यंत पोचवायला आला नाही.

मी रोज फोन करायचो. लेक उचलायची.

"बाबा कसे आहेत?"

"आहेत."

"मालक?"

"दिसले नाहीत. काका, बाबांनी अजून ट्रंक उघडलेली नाही. रोज तेच दोन सदरे धुऊन घालतायत. मी कपाट रिकामं करून दिलंय, तर म्हणतात, राहू दे."

"फोनवर येतो का?"

ती हात ठेवून काहीतरी विचारायची. मग म्हणायची, "झोपलेत." सकाळी अकराला. तो इतक्या दिवसांत नक्की किती झोपला असेल याचा मी हिशोब केला नाही. माझ्या घरात मी येरझाऱ्या घालत होतो. ज्या खेकड्यानं माझा विलाप पळवला, त्याच्यासाठी मी आता खराखुरा विलाप करत होतो, आणि बघायला कुणी नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी फोन वाजला. लेकीचा आवाज येईल म्हणून मी कान लावला.

"महाराज, आले."

मी उठून उभा राहिलो. मग विचारलं, "चालतायत?"

"पाण्याच्या वाटीपर्यंत गेले, प्यायले, परत आले. एक पाय आखूड झालाय. पुढच्या खेपेला भरून येईल. कात सगळी खाल्ली."

"आणि मी आणलेला तो?"

"तो जोडगोळीत रमलाय. सारखा पेटीच्या मधोमध येऊन उभा राहतो. लेक म्हणाली, याचं नाव महाराज ठेवू."

मागं कुठंतरी कपाटाचं दार करकरलं, हँगर एकमेकांवर वाजले. लेक म्हणत होती, बाबा, हा कोट कशाला इतकी वर्षं ठेवलाय. मी फोन घट्ट धरला.

"कुजबुज, माझ्या हातून घात होता होता राहिला रे. तू रागावला होतास?"

त्याची ओळ लगेच आली नाही. आठवत होता की थांबला होता, ते त्याचं त्याला ठाऊक.

"रागावलो होतो की. एवढे दिवस फोनवर आलो नाही, ते दुसरं काय होतं? आता रविवारी जेवायला या. लेक विचारतेय, तुम्हाला तिखट चालतं ना अजून?"