तिसऱ्यांदा विचारा

आमच्या विनुताच्या पायाला भिंगरी आहे आणि काम मात्र बसून राहण्याचं. तंजावुरातल्या एका संस्थेतर्फे ती दवाखान्यांत जाते. ज्यांचं ऐकायला कुणी नाही अशा म्हाताऱ्या-आजाऱ्यांना काय हवंय ते समजून घेते आणि डॉक्टरांपुढे मांडते. पगार यथातथाच, बोलणी भरपूर. मी तिची जाऊ. त्या मंगळवारी ती मलाही दवाखान्यात ओढून घेऊन गेली.

राजवाड्यामागच्या गल्लीतल्या शेषम्मा, वय एकोणऐंशी, अंगणात पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन केलं तर चालतील, नाहीतर उरलेलं आयुष्य खाटेवर. डॉक्टरांनी तमिळमध्ये एकदा विचारलं, त्या म्हणाल्या, "वेण्डाम." नको. झालं! कागदावर चढलं: रुग्णाचा नकार. पुतण्या गणेशकुमारनं लगेच ओरत्तनाडूच्या वृद्धाश्रमात जागा ठरवली. दुपारी गाडी येणार होती.

"एकदाच विचारलं?" विनुता व्हरांड्यात येरझारा घालू लागली.

आमच्या तंजावुरी मराठी घरांत पहिल्या विचारण्याला हो म्हणणं म्हणजे हावरटपणा. कॉफीसुद्धा दोनदा नको म्हणायची, तिसऱ्यांदा "बरं, अर्धा टंबलर." आमच्या सासूबाईंनी शेवटच्या आजारात औषधालाही असंच नको म्हटलं होतं. आम्ही दोघींनी एकदाच विचारलं. ते अजून सलतं. गणेशकुमारला ही रीत ठाऊक नव्हती थोडीच! पण सोयीचा नकार कुणाला नको असतो?

विनुता खाटेजवळ बसली. विचारलं. "नक्को." उशी सारखी केली, पाणी पाजलं, पुन्हा विचारलं.

"नक्को गे. माझ्यासाठी कोणास कशास त्रास?"

विनुतानं घड्याळाकडे पाहायचं टाळलं आणि तिसऱ्यांदा विचारलं. शेषम्मांचे डोळे भरून आले. "देवघरापर्यंत आपल्या पायांनीं जाईन नव्हे?"

विनुता धावतच डॉक्टरांकडे गेली. गणेशकुमार भडकला. "तुम्हीच वदवून घेतलंत!"

"त्यांनी माझ्यासमोर सांगायला हवं," डॉक्टर म्हणाले. तेही खरंच होतं. ते आले, उभ्याउभ्या विचारलं.

"वेण्डाम," शेषम्मा म्हणाल्या.

मी कपाळावर हात मारला. विनुताला उत्तर ठाऊक होतं, पण दुसऱ्याच्या तोंडचं उत्तर आपण द्यायचं नाही हा तिच्या कामाचा पहिला नियम. ती पदराचं टोक पिळत राहिली.

"डॉक्टर, आणखी दोनदा विचारा."

"बाहेर चाळीस पेशंट बसलेत."

"म्हणून तर लवकर विचारा."

त्यांनी कपाळाला आठ्या घालून पुन्हा विचारलं. "वेण्डाम." खाली गाडीचा हॉर्न वाजला. गणेशकुमारनं कपड्यांची पिशवी उचलली. विनुता जागची हलली नाही, फक्त डॉक्टरांकडे बघत राहिली.

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला, स्टूल ओढलं आणि बसले. या वेळी सावकाश विचारलं.

शेषम्मांनी पुतण्याच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. मग पांघरुणातून हात बाहेर काढला.

"सही कोठें करूं?"

डॉक्टरांना मराठी येत नाही. पेन मात्र त्यांनी पुढे केलं.