डोक्यात हवा

गॅरेजवाल्याचे हात थरथर कापायला लागले, तेव्हापासून पाना त्याच्या बायकोने, सगळ्यांच्या वहिनीने, उचलला. इतकी वर्षं पाने हातात देता देताच ती काम शिकली होती. पण बाईमाणूस बॉनेटखाली वाकलेली दिसली की गिऱ्हाईक तोंड फिरवायचं. टॅक्सीवाला तेवढा टिकून होता. तोही गेला तर शटर ओढायचं, हे नवरा-बायको दोघंही मनातून जाणून होती.

आज तो आला तो धापा टाकतच. गाडीचा तापमानाचा काटा लाल रेषेला टेकलेला, आणि हीटर लावला तर गार वारा.

"दादा, इंजिन गेलं का हो माझं?" वहिनीच्या डोक्यावरून त्याने खुर्चीतल्या नवऱ्याला विचारलं.

"मला काय विचारतोस? हात तिचे, मत तिचं."

टॅक्सीवाल्याने बॉनेट उघडलं आणि थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

"थोबाड भाजून घ्यायचंय?" वहिनी म्हणाली. "आतलं पाणी उकळतंय. गार होऊ दे."

"तोवर मी काय करू?"

"गप्प बस. जमतंय का बघ."

तिने हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप चाचपले. एकच गार असता तर हीटर तुंबला म्हणता आलं असतं. इथे दोन्ही गार. गरम पाणी तिथवर पोचतच नव्हतं.

"पाणी कधी बदललंस?"

"काल. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने पाणी काढून थर्मोस्टॅट बदलला ना. फटाफट दिली गाडी."

"अच्छा, कोपऱ्यावर गेला होतास."

त्याने मान खाजवली. "म्हटलं, वहिनीला कशाला त्रास."

"फटाफट पाणी ओतलं की हवा अडकते. इंजिनाच्या डोक्यात हवा गेलीय."

"माणसाच्या जाते तशी?"

"तशीच. उतरवावी लागते."

इंजिन गार झाल्यावर तिने गाडीचं नाक चढावर घेतलं, झाकण काढलं, इंजिन गार ठेवणारं कूलंट भरलं, हीटर पूर्ण उघडून गाडी सुरू केली. बुडबुडे वर येऊ लागले. ते थांबले तर हवाच होती. नाही थांबले तर इंजिनाच्या डोक्याखालचं सील, हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलायचं. हे तिने टॅक्सीवाल्याला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगायची गरजच नव्हती. तो खुर्चीतून मान लांब करून बघत होता.

बुडबुडे येतच राहिले. वहिनी थोडं थोडं कूलंट ओतत राहिली. मग ते विरळ झाले, आणि थांबले. काटा मध्यावर येऊन बसला.

टॅक्सीवाल्याने हीटरच्या जाळीपुढे तळहात धरला. गरम वारा येत होता. त्याने हात बराच वेळ काढलाच नाही.

"वहिनी, ब्रेकसुद्धा जरा उशिरा लागतात हो."

"आणि हे कधी सांगणार होतास?"

"दादा बरे झाले की."

"आता?"

"आता तुम्हीच बघा."

वहिनीने जॅक पुढे ओढला.