लॉकेटातला राजपुत्र

आज स्टुडिओ लवकर बंद केला, त्याचं कारण सांगतो.

सकाळी वडशाजवळच्या खेड्यातून एक बाई आली. तिची मुलगी परवा तापानं गेली. लॉकेटात घालायला फोटो हवा होता.

फोटो एकच होता, शेजाऱ्यानं गावच्या नाटकात काढलेला. मुलगी राजपुत्र झाली होती. मखमली अंगरखा, जरीचा फेटा, काजळानं काढलेल्या मिशा.

"भाऊ, मिशा तेवढ्या काढून द्या. मले माही पोरगी पाह्यजे."

मी कॉम्प्युटरवर मिशा पुसल्या, ओठांवरची जागा कातडीच्या रंगानं भरली. बाईनं स्क्रीनजवळ वाकून पाहिलं.

"हे तोंड तिचं नाई. राहू द्या मिशा."

नखाएवढा राजपुत्र घेऊन ती गेली.

तुमच्या लेकरांचा घरातल्या कपड्यांतला एखादा फोटो आहे ना तुमच्याकडे? माझ्याकडे नव्हता, म्हणून आज लवकर घरी येऊन काढला.