पाहुणा कुठे जेवला

प्लेग यायच्या आदलं वर्ष, मे महिन्यातला दुसरा रविवार. ठिकाण कर्जत, आमची ओसरी. हजर: मी, माझे यजमान, शिंपी, शिंपीण, रेल्वेतला सांधेवाला आणि त्याची सासू. गैरहजर: पुण्याहून येणारे उपदेशक, ज्यांच्यासाठी आम्ही सगळे हजर होतो.

गाडी येऊन तास झाला. कोंबडी शिजून तयार होती, पाहुण्याचा पत्ता नव्हता.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत परगावचा विश्वासू भाऊ आला की त्याने कोणाकडे जेवायचं याची पाळी असे. पाळीची यादी मी ठेवी. तीत एक घर कधीच येत नसे: स्टेशनामागे टोपल्या विणणाऱ्या विधवेचं. बाप्तिस्मा होऊन तीन वर्षं झाली तरी तिच्या हातचं पाणीसुद्धा कोणी घेतलं नव्हतं. तिच्या नावापुढे मी नीट अक्षरात लिहिलं होतं, ‘जागा अपुरी’. ती दर वेळी विचारी, “ताई, माजी पाळी कदी?” मी दर वेळी सांगे, “पुढच्या खेपेला.”

शेवटी आम्ही सगळे स्टेशनाकडे निघालो. पाहुणे तिच्याच झोपडीपुढे सापडले. कोट खुंटीला, मांडी चटईवर, ताटात तांदळाची भाकर आणि सुकटीची चटणी.

“सलाम! या, या,” ते म्हणाले. “या बाई स्टेशनावर घ्यायला आल्या. तुमच्या यादीप्रमाणे इथेच उतरलो.”

“कोणत्या यादीप्रमाणे?” मी विचारलं.

“तुमच्याच की, ताई.” तिने तव्यावरची नजर काढली नाही. “पुढच्या खेपेला बोल्लात ना? हीच ती खेप.”

पाहुण्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि सगळं ओळखलं. “मग बसा,” ते म्हणाले. “प्रार्थना मी पुन्हा करतो, तोवर हात धुवा.”

शिंप्याची दाढ तिथल्या तिथे दुखू लागली.

“मऊ भात हाय, भाऊ.”

शिंपिणीच्या पोटात कळ आली.

“ओव्याचं पानी देते, बाय.”

मी म्हटलं, “घरी कोंबडी उघडीच राहिली आहे.”

“मंग पातेलं हितंच आना. पाव्हण्यांनाबी मिळंल.”

सांधेवाल्याच्या सासूला मात्र कडकडून भूक लागली होती. ती धपकन बसली. “सरका गं! भाकर वाढ. आमी काय तुमची दुखणी बघाय आलो?”

मग सगळेच बसले. पातेलं आलं. पहिला घास गिळायला मला किती वेळ लागला हे कोणाच्या ध्यानात आलं नसावं. तिच्या मात्र आलं. “पानी घ्या, ताई,” ती हळूच म्हणाली, आणि मी प्याले.

हात धुताना तिने विचारलं, “आता तुमच्याकडं मी कदी येऊ? जेवाय नाय, रांधाय.”

माझे यजमान एकाएकी आंब्यावरच्या कैऱ्या मोजू लागले. मी म्हटलं, “येत्या रविवारी.”

त्या रविवारी ती यायच्या आत मी स्वयंपाक उरकून ठेवला. पुढच्या रविवारी तिला ओसरीवर तांदूळ निवडायला दिले. त्यानंतर वांगी चिरायला दिली, तीही ओसरीवरच. ती दर खेपेला बोटभर आत सरकून बसते. आता, दीड-दोन वर्षांनी, ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली आहे. चूल अजून तिच्या हाती द्यायची आहे.