म्हशीच्या खुंट्याला अर्थिंग

कॉम्प्युटर दुरुस्त करण्यासाठी माणसाला म्हशीच्या खुंट्याला बांधावं लागतं, असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. तरी मला बांधलं होतं, आणि बांधणारे माझे सख्खे वडील होते.

शेवगावपासून जवळच आमचं गाव. मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवतो (हे वाक्य पुढचं वाचताना विसरलात तर माझ्यावर उपकार होतील). घरात आबा, आई, बायको वैशाली, एक म्हैस आणि एक कॉम्प्युटर. म्हैस तरणीताठी, कॉम्प्युटर मात्र पार थकलेला. तो चालू करायचा, चहा ठेवायचा, चहा पिऊन कप विसळायचा, मग कुठे स्क्रीन उजळायची.

वैशाली त्यावर लग्नाच्या अल्बमची पानं सजवायला शिकली होती. शेवगावात बबनरावांचा फोटो स्टुडिओ आहे, त्यांनी तिला पहिलंच काम दिलं.

"वहिनी, हे जमलं तर सीझनची सगळी लग्नं तुमच्याकडं," ते म्हणाले. "न्हाई जमलं तर मला पुन्हा नगरला द्यावं लागंल. रविवारी संध्याकाळी पानं छपाईला गेली पायजेत. नवरीला म्हायेराहून न्यायला सासरची मानसं येनार हायेत, तवर अल्बम हातात पायजे."

लग्नानंतर पहिल्यांदाच तिला स्वतःचं असं काम मिळालं होतं. त्या दिवशी तिने भाजीत दोनदा मीठ घातलं आणि दोन्ही वेळा हसली. मला फार बरं वाटलं. तिथूनच सगळं बिघडत गेलं, कारण मलाही काहीतरी मदत करावीशी वाटली.

अडचण अशी होती की पानावर नवरीकडचे पाचसहा पाहुणे बसवले की कॉम्प्युटर तिथल्या तिथे गोठायचा. हळदीच्या पानावर तर नवरीची मावशी अर्धीच उमटली आणि सकाळपासून तशीच अर्धी उभी होती.

"मेमरी कमी पडते," वैशाली म्हणाली. "आत एक पट्टी आहे, तशी आणखी एक बसवायची. बबनरावांच्या ओळखीचा एक जण आहे, बोलावू का?"

"घरात विज्ञानाचा शिक्षक असताना?" मी म्हणालो.

आता आमच्याकडे कुठलाही सुटा भाग आणायचा तर नमुना घेऊन जायची पद्धत आहे. मोटरीचा बुश असो नाहीतर नळाचा वायसर, जुना काढायचा, खिशात घालायचा, दुकानात काउंटरवर ठेवायचा आणि म्हणायचं, 'असाच द्या.' मागे एकदा मी नमुना न नेता पाईपचा जोड आणला होता. तो अजून दारातली कुंडी टेकवायला वापरतात. म्हणून या वेळी आबांनी मला बजावलं.

"नमुना घेऊन जा. आन् अगदी तसाच आन. दुकानदार गळ्यात मारंल ते घेऊन येऊ नको."

शुक्रवारी रजा टाकली, वैशाली कपडे वाळत घालत होती तेवढ्यात कॉम्प्युटर उघडला, मेमरीची पट्टी उपटली, स्वच्छ रुमालात गुंडाळली आणि नगरची एसटी धरली. एसटी अर्ध्या वाटेत असताना फोन आला.

"अहो, कॉम्प्युटर चालू होत नाहीये. नुसता पीं पीं ओरडतोय."

"ओरडणारच. त्याची पट्टी माझ्या खिशात आहे."

पलीकडून ती पीं पीं मलाही ऐकू येत होती.

"मग मी दिवसभर काम कशावर करू?"

"संध्याकाळी दुप्पट वेगाने कर," मी म्हणालो. तिने फोन ठेवला. रेंज गेली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

नगरच्या दुकानात मी रुमाल सोडला आणि पट्टी काउंटरवर ठेवली. दुकानदार म्हणाला, "वाढवायचीय का बदलायचीय?"

"तुम्ही फक्त अशीच द्या. अगदी अशीच, काडीचाही फरक नको."

त्याने शोधून शोधून अगदी तशीच काढून दिली. तेवढ्यात माझ्यातला संसारी माणूस जागा झाला. आमची आई जुनी पातेली देऊन नवं पातेलं घेते, ते डोळ्यांपुढे आलं.

"जुनी मोडीत घेता का?"

तो घेतो म्हणाला आणि त्याने चार पैसे कमी केले. परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून स्वतःवरच खूश होतो. शेजारच्या माणसालाही मी हा व्यवहार समजावून सांगितला. तोही बिचारा खूश झाला.

घरी आलो आणि बसवण्याआधी मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. त्यातला माणूस सांगत होता की आपल्या अंगातल्या विजेने मेमरी जळू शकते, म्हणून आधी अंगातली वीज जमिनीत घालवा. दुर्दैवाने हे आबांनी ऐकलं. आबांची उभी हयात विहिरीवरच्या मोटरीशी भांडण्यात गेलेली आहे.

"म्हंजे तुला अर्थिंग करावं लागंल," ते म्हणाले.

"आबा, नुसता लोखंडाला हात लावला तरी चालतं."

"तू गप. ह्यात तुला काय कळत न्हाई."

त्यांनी मोटरीची उरलेली तार आणली, एक टोक माझ्या मनगटाला आवळलं, दुसरं खिडकीतून बाहेर नेलं आणि गोठ्यातल्या लोखंडी खुंट्याला गुंडाळलं. तेवढ्यावर त्यांचं समाधान होईना. अर्थिंगला ओल लागते आणि मीठ लागतं, म्हणून त्यांनी खुंट्याभोवती बादलीभर पाणी ओतलं आणि वर डबाभर खडेमीठ पसरलं.

इकडे आईने पट्टी हातात घेतली. "नवी वस्तू हाय, तशीच घालता व्हय?" म्हणून तिने हळदीकुंकवाची बोटं लावली. बरोबर पट्टीच्या कडेच्या सोनेरी दातांवर, जिथे धूळसुद्धा चालत नाही! मी विद्यार्थ्याचं जप्त केलेलं खोडरबर काढून ते दात घासत बसलो. आई म्हणाली, "पुसलंस? मग चालायचं न्हाई बघ ते." त्या क्षणी मला आईचा थोडा राग आला होता. नंतर तिचंच खरं ठरलं, ते जाऊ द्या.

शेवटी मी कॉम्प्युटरसमोर मांडी घातली. पट्टी खाचेवर धरली, श्वास रोखला आणि दाबणार एवढ्यात माझा हात आपोआप खिडकीकडे गेला. पुन्हा धरली. पुन्हा हात खिडकीकडे.

"नीट बसव की," आबा म्हणाले. "हात काय दाखवतो?"

"मी नाही दाखवत, कुणीतरी ओढतंय!"

वैशालीने खिडकीतून वाकून पाहिलं. म्हशीला मीठ सापडलं होतं. ती मोठ्या आवडीने खुंटा चाटत होती, मध्येच मान फिरवत होती, आणि तार तिच्या शिंगात अडकली होती. तिने मान डावीकडे नेली की मी खिडकीकडे, तिने उजवीकडे नेली की मी परत कॉम्प्युटरकडे. आबा तिला हुसकायला धावले, ती बिचकून उठली, आणि मी मांडी घातलेल्या अवस्थेत खिडकीपर्यंत घसरत गेलो. पट्टी हातातून उडून खाटेखाली गेली. शेजारच्या काकू भिंतीवरून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "सरांना काय झालंय?" आई म्हणाली, "काय न्हाई, कॉम्प्युटर बसवतोय."

तार सोडली, पट्टी शोधली, झटकली आणि एकदाची खाचेत दाबली. टक्क आवाज आला. कॉम्प्युटर चालू झाला! आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "अर्थिंगमुळं वाचलास."

वैशालीने घाईघाईने हळदीचं पान उघडलं. नवरी आली, करवल्या आल्या, मावशी अर्धी आली आणि थांबली. वैशालीने इकडे तिकडे दाबून काहीतरी बघितलं. मग पुन्हा बघितलं.

"अहो, मेमरी होती तेवढीच दाखवतोय."

"नवीन आहे, जरा वेळ लागेल."

"जुनी पट्टी द्या. ती शेजारच्या खाचेत घालते, म्हणजे दुप्पट होईल."

मी रुमाल चाचपला. मग उगाचच पँटचे खिसे चाचपले.

"जुनी मी मोडीत दिली," मी म्हणालो.

मी दिवसभराची रजा घालवून, एसटीने नगरला जाऊन, होती ती मेमरी देऊन होती तेवढीच मेमरी विकत आणली होती, आणि वरून पैसे दिले होते. आबा म्हणाले, "तसाच आन म्हनलं, पन इतका तसाच?" आणि म्हशीला पाणी दाखवायचं निमित्त करून बाहेर गेले.

वैशाली खाटेवर बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "माझं पहिलं काम होतं हो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी निघालो. आईने दारात अडवलं. "शनवारी लोखंड आनत न्हाईत."

"त्यात लोखंड कुठलं?" आबा आतून म्हणाले. "जाऊ दे त्याला. आनखी काय वाईट व्हायचं राहिलंय?"

नगरच्या दुकानात काउंटरवर आज दुसराच माणूस होता. मी माप सांगितलं. तो म्हणाला, "ही जात आता येत नाही. शेवटची नवी काल गेली." मग त्याने खालचा खण उघडला. "एक जुनी आहे. काल कुणीतरी मोडीत देऊन गेलंय. चांगली चालती पट्टी आहे हो. लोकांना अक्कल नसते."

"नसते," मी म्हणालो.

"पण कमी होणार नाही. हा माल मिळतच नाही."

मी घासाघीस केली नाही. काल ती जेवढ्याला दिली होती त्याच्या कितीतरी वर देऊन मी आमचीच पट्टी विकत घेतली आणि छातीशी धरून घरी आणली. वैशालीने ती दारातच माझ्या हातातून काढून घेतली आणि उलटसुलट करून पाहिली.

"ही आपली वाटते."

"आपलीच आहे."

तिने स्वतःच ती दुसऱ्या खाचेत बसवली, तार न बांधता. हळदीची मावशी पूर्ण झाली, मग सप्तपदी झाली, जेवणाच्या पंगती झाल्या. मी दोन दिवस स्वयंपाक केला आणि तिच्या हाताशी चहा नेऊन ठेवत राहिलो. खोलीत पाय ठेवायची परवानगी तेवढ्यापुरतीच होती.

रविवारी संध्याकाळी बबनराव आले. एकेक पान बघत गेले आणि म्हणाले, "वहिनी, नगरवाल्यांनी असं कधी करून दिलं न्हाई." वैशालीचा चेहरा असा फुलला की माझे सगळे पैसे वसूल झाले. चहा पिताना आबांनी त्यांना शुक्रवारपासूनची सगळी हकिकत रंगवून सांगितली, तार कुणी बांधली तेवढं सोडून.

बबनराव डोळे पुसत उठले. "सीझनची लग्नं तुमचीच, वहिनी. फकस्त एक अट हाय. सरांनी मदत करायची न्हाई."

वैशाली बिचारी माझ्याकडे बघून माझी बाजू घेण्यासाठी तोंड उघडतच होती. तेवढ्यात आबा म्हणाले, "कबूल." आणि आतून आईसुद्धा म्हणाली, "व्हय, कबूल."