मोहाच्या झाडावरचा आकडा

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एक बस स्टॉप आहे, आर्बोरेटम. ते नाव ऐकलं की अजून माझं टाळकं सटकतं. इंग्रजीत झाडांच्या संग्रहाला तसं म्हणतात म्हणे. संग्रह! तिथं आता चार इमारती आणि कुंड्यांतले पाम आहेत. कॉलनीचं नावही तेच.

नव्वदच्या दशकात तिथं खरंच झाडं होती. जागा एका संस्थेची आणि माझे बाबा तिथले माळी. आम्ही मूळचे सुरगाण्याकडच्या डोंगरातले. दर उन्हाळ्यात बाबा गावाहून उपरण्यात बिया बांधून आणायचे, ऐन, हेद, बिवळा, काय काय. माझ्या जन्माच्या वर्षी त्यांनी एक मोह लावला. आमच्याकडे मोहाला देवासारखं मानतात, त्याच्यावर कुऱ्हाड उचलत नाहीत. त्या झाडात बाबांचा जीव होता.

मी बारावीत असताना संस्थेचे साहेब आले. म्हणाले, "मोजणी करायची आहे. प्रत्येक झाडावर नंबर टाका आणि नावांची यादी द्या. एकदा नोंद झाली की कुणाची हात लावायची टाप नाही." बाबा खूश. झाडं त्यांना तोंडपाठ, पण लिहिण्याच्या नावानं बोंब, म्हणून ब्रश माझ्या हाती आला. बाबा बुंध्यावर गेरूचा पट्टा मारायचे, त्यावर मी पांढऱ्या रंगात आकडा काढायचे. अक्षर चांगलं म्हणून भाव खात होते मी! मोहाला सदतीस आला. "जरा मोठा काढ बाय, लांबून दिसला पायजे," बाबा म्हणाले.

दिसला की. पावसाळा सरल्यावर करवतवाले आले, तेव्हा मुकादमाच्या हातात माझ्याच अक्षरातली यादी होती. मोजणी कसली न् काय! त्याच यादीवर मेल्यांनी तोडायची परवानगी काढली होती. मुकादम नंबर पुकारायचा, माणसं बरोबर त्या झाडापाशी जायची. बाबा धावत मोहाकडे गेले आणि दगडानं आकडा खरवडायला लागले. मुकादम म्हणाला, "काका, पुसून काय होतंय? कागदावर हाय ना." साहेब त्या दिवशी फिरकलेसुद्धा नाहीत.

पुढे काही वर्षांनी मी नोकरीला लागले, घर बघायला लागले. बाबाच म्हणाले, "तिथलं घर बघायचं म्हणून जाऊ. एरवी आत कोण सोडतंय?" गेलो. फ्लॅट दाखवणारा टायवाला कौतुकानं सांगत होता, "इथं पूर्वी जंगल होतं काका, म्हणून हे नाव."

माझा भडका उडाला. "जंगल कसलं रे? ह्या माणसानं लावलेली झाडं होती ती! कापलीत, आणि वर त्यांचंच नाव मिरवता? जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळगा!"

तो गांगरला. "मॅडम, मी तेव्हा इथं नव्हतो..."

बाबांनी माझा दंड धरला. "त्याला नको बोलू." मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "झाडांवर आकडे होते ना, ते मीच टाकलेले. यादी पण मीच लिवली. दुसऱ्या कुणाची चूक नाय."

बाबांना एक आकडासुद्धा काढता येत नव्हता. आणि मघापासून तोफ डागणारी मी शेजारी उभी राहून ते खोटं निमूट ऐकत राहिले.